उबंटू अपडेट केल्यापासून हार्ड डिस्क मधूनच गायब होते. दुकानदार म्हणतो डिस्क गेली. खरंच गेली असेल का, की जुन्या कर्नलवर (उबंटूच्या आधीच्या गाभ्यावर) परत जावं?

'दुकानदार म्हणतो' हे वाचलं आणि हात शिवशिवले, म्हणून लिहितोय. डिस्क बदलू नका, निदान या आठवड्यात तरी नको. मी बदलली. नऊ हजार गेले आणि नवी डिस्कही दुसऱ्याच रात्री तशीच गायब झाली.

आमचा नागपूरला महाल भागात फोटो स्टुडिओ आहे, वडिलांच्या वेळचा. लग्नांच्या सगळ्या फाइली एका जुन्या डेस्कटॉपवर असतात: उबंटू २४.०४, चार-चार टीबीच्या दोन डिस्क, एकमेकींची मिरर, म्हणजे दोन्हींवर तेच सगळं. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी नेहमीसारखं अपडेट आलं, कर्नल ६.८ वरून ६.११ वर गेला, मी रीबूट मारून अल्बमच्या कामाला लागलो. होळीच्या आदल्या दिवशी पाहतो तर मिररमधली एक डिस्क बाहेर. लॉगमध्ये (सिस्टीमच्या नोंदवहीत) अशा ओळी: 'फ्रोझन', 'हार्ड रिसेटिंग लिंक', आणि खाली 'पीएचवाय रेडी चेंज'.

सीताबर्डीच्या दुकानात नेली. त्याने दोन मिनिटं कानाला लावून ऐकली, डॉक्टर नाडी बघतो तशी. "भाऊ, डिस्क गेली समजा. काहून डोकं खाजवून राहिले, नवीन टाका." टाकली. तीही बाहेर पडल्यावर परत गेलो, तर म्हणे मग एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असेल. नाहीतर मदरबोर्ड.

घरी वेगळंच. माझा मोठा भाऊ पुण्यात आयटीत आहे, आणि मी विंडोज सोडलं त्याला आठ वर्षं झाली तरी त्याच्या ते पचनी पडलेलं नाही. फोनवर म्हणाला, "अबे, नागपूरच्या उन्हाळ्यात चोवीस तास डिस्क फिरवून राहिला, मग काय होईल? आणि ते फुकटचं लिनक्स." मार्च होता. खरा उन्हाळा अजून यायचा होता. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिथे, तापमान ४१ दिसत होतं, जे कुठल्याही डिस्कला चालतं. रीअलोकेटेड सेक्टर (खराब निघाले म्हणून बदललेले तुकडे) शून्य. १९९ नंबरचा सीआरसीचा, म्हणजे तारेतून जाताना बिघडलेल्या माहितीचा, आकडाही हलत नव्हता, म्हणजे केबलवरही आळ घेता येईना. (केबल तरी मी बदललीच. बदलतोच आपण.)

मला खटकली ती एक गोष्ट. डिस्क मिररमध्ये परत घातली की चार टीबीची जुळणी पुन्हा सुरुवातीपासून होते. साडेसात-आठ तास डिस्क पूर्ण दमाने पळते, तापते, आणि एकही चूक येत नाही. जुळणी रात्री दोनला संपली, सगळं शांत झालं, आणि तीन वाजता डिस्क गायब. मरायला टेकलेली डिस्क राबताना मरते हो! ही राबताना ठणठणीत, आणि जरा निवांत बसली की गेली. आणि पहाटे तीनला कुठला उन्हाळा?

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत जाऊन जुना ६.८ निवडला आणि दोन्ही कर्नलचे बूट लॉग शेजारी-शेजारी ठेवले. डिस्क जिथे जोडतात त्या पोर्टच्या ओळीच्या शेवटी जुन्यात 'एलपीएम-पोल ०', नव्यात 'एलपीएम-पोल ३'. एवढाच फरक.

एलपीएम म्हणजे लिंक पॉवर मॅनेजमेंट. डिस्कचं फिरणं थांबवण्याशी याचा संबंध नाही, लोक हे दोन्ही सर्रास एक समजतात आणि नको ती सेटिंग बदलत बसतात. इथे झोपते ती मदरबोर्डवरचा डिस्क-कंट्रोलर आणि डिस्क यांच्यामधली सॅटाची तार. ० म्हणजे बायोसने (मदरबोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरने) जे ठेवलंय ते तसंच राहू दे. ३ म्हणजे तार रिकामी दिसली की झोपव, आणि डिस्कलाही 'मी झोपते' म्हणायची मुभा. झोपेच्या दोन पायऱ्या: हलकी 'पार्शल', दहा मायक्रोसेकंदांत उठणारी, आणि गाढ 'स्लंबर', दहा मिलिसेकंदांत उठणारी. काही डिस्क-कंट्रोलर जोड्या या उठण्यात अडखळतात, कर्नलला वाटतं लिंक तुटली आणि तो ती रिसेट करत सुटतो. आधी ही झोप मुख्यतः लॅपटॉपच्या कंट्रोलरपुरती होती. ६.९ पासून ती वेगळी यादी काढून टाकली आणि तीच पॉलिसी माझ्या डेस्कटॉपलाही लागू झाली. ६.८ वरून थेट ६.११ वर उडी मारणाऱ्याला हे एका रात्रीत भेटतं.

उपाय दोन मिनिटांचा. सिस फोल्डरमध्ये स्कझी होस्टखाली प्रत्येक पोर्टची 'लिंक पॉवर मॅनेजमेंट पॉलिसी' नावाची फाइल असते, त्यात 'मॅक्स परफॉर्मन्स' लिहा, म्हणजे तार झोपवायचीच नाही. रीबूटनंतर ते पुसलं जातं, म्हणून दोन दिवस नीट चाललं की ग्रबच्या कर्नल ओळीत एएचसीआय मॉड्यूलचं (सॅटा कंट्रोलर चालवणारा कर्नलचा भाग) 'मोबाइल एलपीएम पॉलिसी' १, म्हणजे तेच 'मॅक्स परफॉर्मन्स', करा आणि अपडेट-ग्रब चालवा. एकाच पोर्टचा त्रास असेल तर त्याच ओळीत 'लिबएटीए फोर्स'मध्ये त्या पोर्टपुरतं 'नोएलपीएम' देता येतं. बायोसमध्ये त्या पोर्टला हॉट प्लग (चालू मशीनला डिस्क लावायची-काढायची सोय) चालू केलं तरी नवा कर्नल त्याला झोपवत नाही, कारण झोपलेल्या पोर्टला नवी डिस्क लावल्याचं कळतच नाही. टीएलपी (वीज वाचवणारा प्रोग्राम) टाकलेलं असेल तर आधी त्याची सेटिंग बघा, नाहीतर तुम्ही लिहिलेलं ते परत बदलेल.

जुन्या कर्नलवर कायमचं राहू नका. तो फक्त खातरजमेपुरता.

हे सगळं लॅपटॉपवर असेल तर मात्र 'मॅक्स परफॉर्मन्स' कायमचं ठेवू नका. लिंक जागी राहिली तर प्रोसेसरही गाढ झोपू शकत नाही आणि बॅटरी उतरते. तिथे आधी २ नंबरची मधली पॉलिसी करून बघा. आणि तुमच्या चुका कॉपी चालू असतानाच येत असतील, किंवा रीअलोकेटेड सेक्टर वाढत असतील, तर वरचं सगळं विसरा, दुकानदार बरोबर आहे. बॅकअप दोन्ही बाबतींत आधी घ्या, हे वर लिहायला हवं होतं.

आमची जुनी, 'गेलेली' डिस्क मी परत मिररमध्ये घातली. त्यानंतर अख्खा एप्रिल आणि मे गेला, कूलर बंद पडलेले दोन दिवसही त्यात आले, लॉगमध्ये त्या पोर्टची एक ओळ नाही. जूनमध्ये मी त्या कोऱ्या लॉगचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. दादाने नुसता अंगठा पाठवला.