‘पाच दिवस सायकल सुटली की सगळं पाण्यात’

थंडी सुरू झाली की समुपदेशनासाठी माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ट्रेनिंग छान लागलेलं असतं आणि नेमक्या तेव्हाच ऑफिसच्या टूर सुरू होतात, मग कमावलेलं सगळं जातं, काय करू? पळणारेही विचारतात, पण सायकलवाल्यांचं दुखणं जास्त, कारण शूज बॅगेत टाकून नेता येतात, सायकल कुठे नेणार. त्यातल्याच एकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

गृहस्थ चाळिशीतले, पुण्याचे, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर दुसऱ्या आठवड्याला दिल्लीजवळ मानेसरला कस्टमरकडे जायचं, सोमवारी रात्री फ्लाइट, शुक्रवारी मध्यरात्री घरी. आणि आपल्याकडे बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचा, खरा सीझन पण हाच, उन्हाचा त्रास नाही म्हणून लांब पल्ला जमतो. २०० किमी साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस, एका सीझनमध्ये चारही झाल्या की ‘सुपर रँडोनर’ हा किताब. त्यांना ते व्हायचं होतं. आदल्या जानेवारीत ३०० ची राइड २१० वर सोडावी लागली होती आणि ते त्यांनी फार मनाला लावून घेतलं होतं.

पहिल्याच सेशनला लॅपटॉप उघडला आणि एक्सेल दाखवली. झालेला दिवस हिरवा, हुकलेला लाल. टूरचा आठवडा म्हणजे आडवी लाल पट्टीच. पण माझं लक्ष गेलं शेवटच्या कॉलमकडे, त्याला नाव दिलं होतं ‘बाकी’. आठवड्यात जेवढे तास हुकले ते तिथे जमा व्हायचे आणि पुढच्या शनिवार-रविवारवर चढायचे. म्हणजे शुक्रवारी रात्री बारा-साडेबाराला घरी पोचलेला माणूस शनिवारी पहाटे चारला उठून खंबाटकी घाटाकडे निघणार, कारण साडेचार तास ‘बाकी’ आहेत.

मी विचारलं, ‘हे देणं कुणाचं आहे?’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांना खोकला होता, तीन आठवडे झाले होते, म्हणून आधी डॉक्टरकडे पाठवलं, बाकी सगळं नंतर. कारण त्यांच्या बोलण्यातूनच कळलं होतं की मानेसरला पण हे सकाळी साडेपाचला हॉटेलबाहेर पळायला जायचे, काहीतरी तरी झालंच पाहिजे म्हणून. दिल्लीच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब याचा आकडा, ३०० च्या वर म्हणजे ‘अत्यंत खराब’ आणि ४०० च्या वर ‘गंभीर’, आणि पहाट तर सगळ्यात वाईट, जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते, वर उबदार थराचं झाकण पडतं, धूर-धूळ खालीच कोंडते. त्यात जोरात पळताना माणूस बसल्या जागेपेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो. याला मी चिकाटी म्हणणार नाही. तिथे बाहेर व्यायाम न करणं हाच त्या दिवसाचा व्यायाम, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

आता भीतीकडे येते. ते म्हणाले, ‘पाच दिवसांत फिटनेस पडतो मॅडम, ट्रेनिंगचं अ‍ॅपच दाखवतं.’ बरोबर आहे, दाखवतं, पण ते काय दाखवतं हे समजून घ्यायला पाहिजे. तो आकडा म्हणजे साधारण ४२ दिवसांच्या ट्रेनिंगची सरासरी असते, अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देऊन काढलेली. पाच दिवस शून्य टाकले की ६० चा आकडा गणितानेच ५३ च्या आसपास येतो, तुमचं हृदय आणि पाय तोवर जवळपास होते तिथेच असतात. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी १९८१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, दहा आठवडे आठवड्यातून सहा दिवस कसून ट्रेनिंग केलेल्या लोकांना पुढचे पंधरा आठवडे चार किंवा दोनच दिवस व्यायाम करायला लावला, पण जोर तेवढाच ठेवला. त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता टिकली. नंतरच्या प्रयोगात जोर कमी केला, तेव्हा मात्र ती घसरली. म्हणजे टूरच्या आठवड्यात दिवस कमी झाले तर फारसं बिघडत नाही, एक-दोनदा दम लागेल असं काहीतरी झालं की पुष्कळ झालं.

हे ऐकून त्यांना बरं वाटलं, पण दोन दिवसच. माहितीने भीती जायची असती तर माझ्याकडे कुणी आलंच नसतं. पुढच्या सेशनला परत तेच, ‘हो पण माझं ट्रेनिंग पूर्ण झालंच पाहिजे.’

मी कागद पुढे केला आणि हेच वाक्य लिहायला सांगितलं. मग म्हटलं, ‘यातला च खोडा.’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं हे सगळ्यात जवळचं हत्यार आहे आणि मराठीत ते एका अक्षरात मावतं. ‘झालंच पाहिजे’ आणि ‘झालं तर मला आवडेल’ यात इच्छा तेवढीच आहे, पण पहिल्यात न झालेला दिवस गुन्हा होतो आणि दुसऱ्यात तो फक्त न झालेला दिवस असतो. त्यांनी च खोडला, पण पेन इतकं दाबून की कागद फाटला. त्यांना ते पटलेलं नव्हतं, आणि मीही घाई केली नाही.

पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी त्यांना मागच्या वर्षीच्या ३०० च्या आधीच्या चार रात्री आठवून लिहायला सांगितल्या, किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो. बेरीज आली साडेसतरा तास. राइडच्या आदल्या रात्री तर फ्लाइट लेट होऊन तीन तास झोप. वर्षभर ते स्वतःला सांगत होते की ट्रेनिंग कमी पडलं म्हणून हरलो, म्हणून अजून जास्त करायला पाहिजे, आणि ते जास्तीचं करायला वेळ कापत होते तो झोपेतूनच! कागदाकडे बघून म्हणाले, ‘म्हणजे मी वर्षभर उलटंच करतोय.’

तिसऱ्या सेशनला मिसेस आल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, ‘मॅडम, आठवडाभर हा बाहेर, आणि घरी आला की सायकलवर. मुलगी विचारते बाबा कधी येणार, मी काय सांगू, आलाय पण गेलाय?’ हे त्यांनी नवऱ्याला आधी सांगितलं नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी त्याला ते ऐकू आलं.

ट्रेनिंगचा आराखडा मी दिला नाही, ते माझं काम नाही, त्यांच्या ग्रुपमधल्या एका अनुभवी सायकलिस्टने करून दिला. तसंही दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा प्लॅनमध्ये लागतोच, मग तो एकाआड एक टूरवर टाकला. मधल्या टूरला मंगळवारी हॉटेलच्या जिममध्ये साधारण चाळीस मिनिटं, दहा मिनिटं वॉर्मअप, मग चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं हळू असं चार वेळा. गुरुवारी रूमवरच स्क्वॅट, प्लँक, वीस मिनिटांत खलास. बुधवारी काही नाही, कस्टमरबरोबर जेवण असतं, तिथे नीट जेवायचं. शनिवारी झोप, लांब राइड रविवारी. जिमच्या सायकलची सीट भलत्याच उंचीवर असते आणि गुडघे धरतात, त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला, पायजम्याची जुनी नाडी, घरच्या सायकलच्या क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या, मध्यापासून सीटपर्यंतचं अंतर मोजून गाठ मारलेली. ती नाडी आता कायम लॅपटॉपच्या बॅगेत असते.

आणि घरच्या आठवड्यात संध्याकाळी गॅलरीत ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, हळू सायकल, शेजारी चौथीतली मुलगी. हळू म्हणजे किती, तर बोलता आलं पाहिजे. ती सतराचा पाढा म्हणायला लावते, मध्येच धाप लागली तर ‘बाबा, स्पीड कमी’. हार्टरेटच्या पट्ट्यापेक्षा मला हे माप जास्त आवडलं.

‘बाकी’चा कॉलम त्यांनी डिसेंबरच्या शेवटी काढला. लाल रंग ठेवलाय, म्हणाले तो लगेच जाणार नाही, मी म्हटलं राहू दे. यंदा ३०० ला नाव दिलं नाही, २०० केली, पावणेबारा तासांत, आणि दुसऱ्या दिवशी मुलीच्या गॅदरिंगला जागे होते. मागच्या शनिवारी दुपारी मेसेज आला, ‘मॅडम, फ्लाइट लेट, दोनला घरी पोचलो, दहापर्यंत झोपलो. उद्या पण राइड नाही, भाच्याची मुंज आहे. बोपदेव घाट पुढच्या रविवारी.’