रिपोर्ट राहू द्या, बाळाचा पापा सांभाळा

ओठावर वर्षातून तीन-चारदा फोड येतात, एचएसव्ही-१ या विषाणूची आयजीजी, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची, तपासणी पॉझिटिव्ह आली, पत्नीला सातवा महिना आहे आणि सासूबाई म्हणताहेत की ही नागीण, गेरू लावा. हीच तुमची काळजी ना?

नागीण नाही ही. ती कांजिण्यांच्या विषाणूची, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच. ओठाच्या त्याच कडेला पुन्हा पुन्हा येणारे पाण्याचे फोड म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स, रिपोर्टातला एचएसव्ही तोच. माझी आजी म्हणायची, ‘ताप ओठावर फुटला’. शेजारच्या काकू झुरळाला दोष द्यायच्या. आजीचं निम्मं बरोबर होतं, तापाने हा विषाणू खरंच जागा होतो.

रिपोर्टचं म्हणाल तर जगात पन्नाशीच्या आतल्या दर तिघांपैकी जवळपास दोघांच्या अंगात एचएसव्ही-१ असतो. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्याच कुणाच्या पाप्यातून मिळतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो. तिथून त्याला हुसकावणारं औषध अजून नाही. आयजीजी एवढंच सांगते की तो कधीतरी शिरला होता. ते तुमच्या ओठाने आधीच सांगितलं होतं, पैसे फुकट गेले.

मला वीस वर्षं हा त्रास आहे. मे महिन्यातलं ऊन आणि जागरण एकत्र आलं की ठरलेलं. आधी चुणचुण होते, खरी वेळ तीच. अ‍ॅसायक्लोव्हिरच्या मलमाने फार तर एखादा दिवस वाचतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी चुणचुणीलाच घेतली तर जास्त उपयोग. एकदा दुकानदाराने दिलेली, स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मी लावली आणि फोड हनुवटीपर्यंत पसरले. फोडाचा हात डोळ्याला लावू नका. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, घरातले जुने थेंब घालू नका.

आता खरी काळजी. पत्नीला हा संसर्ग पूर्वी झाला नसेल आणि शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच जननेंद्रियाला झाला, तर बाळाला मोठा धोका असतो. म्हणून स्पष्टच लिहिते: आता बाळंतपणापर्यंत मुखमैथुन नकोच, कधीकधी फोड नसतानाही विषाणू लाळेतून येतो. फोड असेल तेव्हा पत्नीचं चुंबनही नको. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे आजच सांगा.

बाळ आल्यावर पहिला दीड महिना फार जपायचा. फोड असलेल्याने पापा घ्यायचा नाही, मग ते आजोबा का असेनात. फोड तुम्हाला आला तर मास्क लावा, हात धुऊनच बाळाला घ्या. बाळाला ताप आला, ते दूध ओढेना, मलूल पडलं किंवा अंगावर फोड दिसले, तर सकाळची वाट बघू नका.

लोक रागावतील. माझ्या भाचीच्या बारशाला माझ्याच ओठावर फोड होता. आत्या मी, पण कानात नाव सांगितलं चुलतबहिणीने. मी आत पुऱ्या लाटत होते.