फोडणी, ठेचा आणि छतावरचा तो अलार्म

ताई, तुम्ही विचारलंत की नांदेडहून डॅलसला चाललोय, तिकडं घरात धुराचे अलार्म असतात म्हणे, मग ठेचा, फोडणी सगळं बंद करायचं का. अजिबात नाही. मी लातूरची, इथं 9 वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा तरी मिरच्या भाजतेच.

पहिल्या आठवड्यात मात्र तव्यावर मिरच्या टाकल्या, खकाणा उठला आणि अलार्म असा कोकलला की झोपलेलं लेकरू दचकून उठलं. ह्यांनी खुर्चीवर चढून बॅटरीच काढली आणि ती दोन महिने ड्रॉवरमध्येच पडून राहिली, आता आठवलं तरी पोटात गोळा येतो कारण इथली बरीच घरं लाकडी सांगाड्याची, आग पसरायला वेळ लागत नाही. तेवढं कधीच करू नका.

घरात गेल्यावर अलार्म दोन प्रकारांपैकी कोणता आहे ते बघा, मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. आयोनायझेशनवाला असेल तर फोडणीच्या बारीक कणांनीपण लगेच वाजतो, फोटोइलेक्ट्रिक त्या मानानं पुष्कळ शांत. किचनजवळ आयोनायझेशनवाला असेल तर घरमालकाला ईमेल करून बदलून मागा, आम्हाला तसाच बदलून मिळाला. शेगडीपासून निदान 10 फूट लांब हवा, बाथरूमच्या दाराशीपण नको, आंघोळीच्या वाफेनं वाजतो. आणि मागची तारीख बघा, 10 वर्षं झाली की तो बदलायचाच.

दुसरं म्हणजे शेगडीवरचा पंखा. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये तो धूर बाहेर टाकतच नाही, जाळीतून फिरवून परत घरातच सोडतो! पंखा लावून वर हात धरा, गरम हवा आपल्याच तोंडाकडं येत असेल तर समजून जा. मग खिडकी मिरच्या टाकायच्या आधी उघडायची, नंतर उघडून उपयोग नसतो. तेल धुरकट होईपर्यंत तापवू नका, मोहरी त्याच्या आधीच तडतडते.

तरी वाजलाच तर हश बटण दाबा, काही मिनिटं गप्प बसतो, परत आपोआप सुरू होतो. थोड्या थोड्या वेळानं नुसतं चिक चिक करत असेल तर तो धूर नाही, बहुतेक बॅटरी संपत आलीय. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबत जा आणि वरची धूळ व्हॅक्यूमनं काढत जा.

आणि हो, येसर, काळा मसाला तिकडूनच भाजून दळून आणा ताई, सुक्या मिरच्या भाजायचा खकाणा इथं बंद घरात लवकर जात नाही.