स्वस्तातलं पॉलिश मशीन घ्यावं का? : वाचकांचे प्रश्न, गॅरेजातनं उत्तरं

प्रश्न (एक वाचक, खानापूर) : नमस्कार काका. माझी काळ्या रंगाची गाडी आहे, २०१७ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलो. आमच्याकडची लाल माती तुम्हाला माहीतच आहे, रोज सकाळी कोरडं फडकं मारून मारून बॉनेटवर उन्हात बघितलं की कोळ्याच्या जाळ्यागत बारीक चरे दिसाय लागलेत. बेळगावात एका ठिकाणी विचारलो तर सगळ्या गाडीला पॉलिश करायचे आठ हजार सांगितले. ऑनलाइन बघितलो तर १८०० ला रोटरी पॉलिशर मिळतंय आणि वर स्पंज फुकट, ४५०० ला डीए म्हणून एक आहे, आणि नावाजलेल्या कंपनीचं घ्यायचं तर पंधरा हजाराच्या पुढंच. खंडेनवमीच्या आत गाडी चकाचक करायचीय. १८०० चं घेऊ का? का पैसे वाया जातील?

उत्तर : हे बघा दादा, १८०० वाया गेले तर एकवेळ चालतंय, पण गाडीवरचा क्लिअर गेला तर तो कुठल्याच दुकानात परत मिळत नाही, म्हणून किमतीच्या आधी तेवढं समजून घ्या. आजकालच्या गाडीवर खाली प्राइमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला क्लिअर फक्त ४०-५०. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चमक आणि उन्हापासनंचं संरक्षण केसापेक्षा पातळ थरात आहे. पॉलिश करणं म्हणजे काय तर चरा जितका खोल तितका आजूबाजूचा क्लिअर घासून खाली आणायचा, मग चरा दिसत नाही. दर वेळी थोडा जातोच. हलक्या पॉलिशला अगदी कमी जातो, कंपाऊंडला, म्हणजे चरे काढायच्या खरखरीत पेस्टला, जास्त जातो, आणि चुकीच्या मशीनखाली एका जागी दहा सेकंद गेले तर सगळाच जातो.

त्यामुळं स्वस्त का महाग यापेक्षा आधी मशीन फिरतंय कसं ते विचारा.

रोटरी म्हणजे एकाच अक्षावर गरगर फिरणारं, आपल्या ग्राइंडरच्या जातीचं. त्याच्यात ताकद सगळी पॅडवर, म्हणजे रंगाला लागणाऱ्या स्पंजवर येते, दाबलं तरी फिरतच राहतं, एका जागी थांबलं की उष्णता साठते आणि रंग मऊ पडतो. आमच्या गॅरेजातले जुने हात आजही रोटरीच वापरतात आणि सुंदर काम काढतात, पण तो हात बसायला वर्ष-दोन वर्षं आणि पाच-पंचवीस भंगारातली बॉनेटं लागतात. डीएचं, म्हणजे ड्युअल ॲक्शनवाल्याचं, तसं नाही. त्याचा पॅड स्वतःभोवतीही फिरतो आणि एका छोट्या वर्तुळात झुलतोही, त्या वर्तुळाचा आकार ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असतो. त्याच्यात पॅडला फिरवणारा गिअर नसतो (फोर्स्ड रोटेशनवाली वेगळी मिळतात, ती सोडून बोलतोय), मधल्या बेअरिंगवर पॅड आपसूक फिरतो, त्यामुळं तुम्ही जास्त दाबलात की फिरणं बंद होतं आणि नुसतं थरथरत राहतं. नवीन माणसाला वाटतं मशीन बेकार आहे. पण तीच गोष्ट तुमचा रंग वाचवते.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. १८०० चं रोटरी तुम्ही घेऊ नका. ४५०० चं डीए घ्या, नीट बघून घ्या, चालेल. वर्षातनं एक-दोनदा स्वतःची, भावाची, मेव्हण्याची गाडी करायची असेल तर पंधरा हजाराच्या मशीनची काही गरज नाही.

स्वस्त रोटरी नको म्हणण्याचं अजून एक कारण आहे. रोटरीनं पॉलिश करताना खरा वेग लागतो मिनिटाला ६०० ते १५०० फेऱ्या, फार तर १८००. चांगल्या मशीनला बटण दाबलं की हळू सुरू होतं आणि हाताखाली जोर आला तरी वेग तोच ठेवतं, आत तसं सर्किट असतं. स्वस्तातल्यात बरेचदा नुसता रेग्युलेटर असतो. बटण दाबलं की झटकन उसळतं, पॅडवर टाकलेलं कंपाऊंड भिंतीपर्यंत उडतं, दाबलं की वेग पडतो, सोडलं की एकदम वाढतो, आणि तो वाढायच्या क्षणी तुमचा पॅड जर दाराच्या कडेवर असला तर झालं. कडेवर, बॉनेटच्या उठलेल्या रेघेवर, बंपरच्या कोपऱ्यावर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. शिवाय बंपर प्लास्टिकचा, लोखंडी पत्रा उष्णता पसरवतो तशी प्लास्टिक पसरवत नाही, सगळी तिथंच साठते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. गॅरेजात लागून मला दोन वर्षं झाली होती, काळ्याच गाडीच्या पुढच्या बंपरवर कोपऱ्यात डाग होता म्हणून मी रोटरी जरा जास्त वेळ धरली, आणि बघता बघता काळ्यातनं करडा प्राइमर वर आला. रुपयाएवढा डाग. मालक बाजूलाच उभे होते, एक शब्द बोलले नाहीत, नुसतं त्या डागाकडं बघत राहिले. सगळा बंपर घासून परत रंग मारून द्यावा लागला. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणूनच हे उत्तर एवढं लांबण लावून लिहितोय.

आता स्वस्त डीए घेताना काय बघायचं. दुकानात हातात घेऊन बघायला मिळालं तर फार चांगलं, ऑनलाइन घेतलात तर परत करायच्या मुदतीत हे सगळं करून बघा. पॅड जिच्यावर बसतो ती प्लेट हातानं फिरवा, खरखर किंवा अडकल्यागत वाटलं तर बेअरिंग कोरडं आहे. पॅड लावून वेगाच्या एक नंबरवर चालू करा आणि हळूहळू सहापर्यंत न्या, हाताला मुंग्या येण्याइतकी थरथर असेल तर आतलं वजन आणि प्लेट यांचा मेळ नाही, असलं मशीन अर्ध्या तासात बोटं बधिर करतंय. कार्बन (मोटरला वीज पोचवणारा, घासून झिजणारा तुकडा) बाहेरनं स्क्रू काढून बदलता येतो का बघा, कारण आधी जाणार तो कार्बनच, आणि तो टूल रिपेअरवाल्याकडं मिळाला तर मशीन जिवंत राहील, नाहीतर शोभेला ठेवा. प्लेट ५ इंची घ्या, पॅड सहज मिळतात. व्होल्टेज २२० ते २४० लिहिलेलं पाहिजे, बाहेरदेशातनं आलेली काही मशिनं ११० ची असतात, आपल्या लाइनीवर लावली की धूर. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात वॅट लिहिलेत म्हणून भुलू नका, तो आकडा मशीन वीज किती खातं त्याचा असतो, पॅडवर किती पोचतंय त्याचा नव्हे. बॅटरीवालं स्वस्त पॉलिशर तर नकोच, एका गाडीला चार-पाच तास मशीन चालतं, तेवढी बॅटरी त्यात नसतेच.

वाचलेले पैसे पॅडमध्ये घाला. मशीनसोबत फुकट येणारा स्पंज काढून ठेवा, चाकं पुसायला वापरा. चांगल्या फोमचे मध्यमचे तीन आणि मऊचे दोन पॅड, एक बऱ्यापैकी पॉलिश, आणि सात-आठ मायक्रोफायबर कापडं. रंगाला लागणार ते पॅड आणि पॉलिश, मशीन नुसतं हलवणार. साध्या मशीनवर चांगला पॅड लावून मी कितीतरी काळ्या गाड्या समाधानानं केल्यात, पण खराब पॅड लावून महाग मशीननं केलेलं काम नंतर आमच्याकडं दुरुस्तीला आलेलंही बघितलंय.

आणि आता कामाचं. तुमची लाल माती हीच मुळात चऱ्यांचं कारण आहे. ती धूळ म्हणजे बारीक दगडच, त्यावर कोरडं फडकं म्हणजे रोज सकाळी पाणीपेपर मारल्यासारखं. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं माती सोडवा, मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खंगाळून मगच शाम्पूत. धुवून झाल्यावर नख फिरवून बघा, चऱ्यात नख अडकत असेल तर तो पॉलिशनं जात नाही, त्याच्या मागं लागू नका. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि रबर मास्किंग टेपनं झाका, नाहीतर पांढरे डाग बसतात ते निघता निघत नाहीत.

सावलीत, पत्रा थंड असताना करा. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. दीड-दोन फूट चौकोनी तुकडा धरायचा, मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर ठेवून आधी पसरवायचं, मग एक नंबरवर, मग चार-पाचवर. हात इतका हळू की सेकंदाला एक इंच, आधी आडवं मग उभं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली. प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ ओढा, रेघ फिरताना दिसली म्हणजे पॅड फिरतोय, नाही दिसली म्हणजे तुम्ही दाबताय. स्वस्त मशीनवर तर ही रेघ लागतेच, कारण कमी ताकदीचं मशीन पत्र्याच्या वळणावर लगेच थांबतंय. वीस मिनिटांनी मशीनला विश्रांती द्या, प्लेटचा मधला भाग तापला की वेल्क्रोचा गोंद सुटतो आणि पॅड उडतो. पॅड ब्रशनं झाडत राहा. पहिला तुकडा झाला की पुसून उन्हात नेऊन बघा, समाधान झालं तरच पुढं जा. तेवढ्यानं भागत असेल तर कंपाऊंडला हात लावायचाच नाही.

आठ हजारवाल्याचंही सांगतो. काम चोख असेल तर आठ हजार जास्त नाहीत, दोन दिवसाची मेहनत आहे ती. एकदाच करायची असेल आणि धीर नसेल तर त्याच्याकडंच द्या, फक्त झाल्यावर गाडी उन्हात उभी करून बघा. सावलीतल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात.

प्रश्न (एक वाचक, निपाणी) : काका, घरी वेल्डिंगच्या कामाचा ४ इंची ग्राइंडर हाय, त्याला स्पंज लावायचा अडॅप्टर दीडशे रुपयांत मिळतोय. मशीन कशाला घ्यायचं मग? मित्र म्हणतोय ड्रिलला लावला तरी चालतंय.

उत्तर : ग्राइंडर अजिबात नको. त्याचा वेग मिनिटाला ११ हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. चार इंची पॅडच्या कडेचा वेग काढून बघा, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो, आणि पॉलिशचा सहा इंची पॅड १५०० वर फिरला तर कडेला ताशी चाळीस-पंचेचाळीस. हा फरक क्लिअरला झेपत नाही, आणि स्पंज त्या वेगासाठी बनलेलाच नसतो, तो फाटून तोंडावर येतो. रेग्युलेटर लावून वेग कमी करतो म्हणाल तर ग्राइंडरचा जोर त्याच्यासोबत जातो आणि मोटर तापते, आतला पंखा हळू पडला की आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जळतं. ड्रिलचं मित्र म्हणतात ते अर्धं खरं आहे. हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचेवर ३ इंची स्पंज लावून हळू वेगात जरूर वापरा, काम होतं. पण ड्रिलचं बेअरिंग सरळ दाबासाठी असतं, आडव्या जोरानं ते सैल होतं, आणि सगळी गाडी त्यावर करायला गेलात तर चक हलायला लागेल आणि पॅडचे गोल गोल वण बॉनेटवर उमटतील. तुमच्या गल्लीत चार गाड्या असतील तर चौघांनी मिळून एक डीए घ्या. पॅड मात्र ज्याचे त्याचे वेगळे, दुसऱ्याच्या पॅडमधला एक वाळूचा कण तुमच्या गाडीला पुरतो.

प्रश्न (एक वाचक, बेळगाव) : आमच्याच गल्लीत छोटासा गाळा घेऊन पॉलिशचं काम सुरू करायचा विचार आहे. स्वस्त डीएवर सुरुवात करू का?

उत्तर : शिकायला हो, गिऱ्हाइकाच्या गाडीला नको. रोज सहा तास चालणारं मशीन वेगळं असतं, त्याचं बेअरिंग, कार्बन, स्विच सगळे सुटे भाग मिळायला लागतात, आणि ऐन कामात बंद पडलं तर अर्धी चमकलेली गाडी घेऊन उभं राहावं लागतं. चांगलं १५ मिलिमीटरचं एक घ्या, आणि त्याच्याआधी रंगाची जाडी मोजायचं मीटर घ्या. सेकंडहँड गाडीला कुठं लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलीय, कुठं आधीच कुणी घासून ठेवलंय, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि मीटर न लावता हात घातलात तर दुसऱ्यानं केलेलं पाप तुमच्या नावावर लागतं.

प्रश्न (एक वाचक, शहापूर) : काका, यांचं काम बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, पांढरी गाडी दिवसभर फाउंड्रीच्या भिंतीला लागून उभी असते. सगळ्या गाडीवर बारीक तांबूस ठिपके आलेत, हाताला खरखर लागतात, शाम्पूनं जात नाहीत. गॅरेजवाले म्हणाले रबिंग करा. मशीन आणून घरीच करू का?

उत्तर : ताई, मशीन नका लावू, निदान आत्ता तरी. ते ठिपके म्हणजे हवेतनं उडालेले लोखंडाचे कण, क्लिअरमध्ये रुतून बसलेत आणि तिथंच गंजतायत. त्यावर पॅड फिरवलात तर तेच कण सगळ्या गाडीभर ओढले जातील आणि आत्ता नाहीत ते चरे पडतील. आयर्न रिमूव्हर म्हणून फवारा मिळतो तो आणा. गाडी धुवून, सावलीत, पत्रा थंड असताना मारा, लोखंड असेल तिथं जांभळे ओघळ यायला लागतात, घाबरू नका, तेच त्याचं काम. तीन-चार मिनिटं ठेवा पण वाळू देऊ नका, मग भरपूर पाण्यानं धुवा. वास कुजक्या अंड्यासारखा येतो, हातमोजे घाला आणि मोकळ्यावर करा. एवढं करूनही खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे चिकणमातीसारखी मऊ वडी मिळते, शाम्पूचं पाणी मारत मारत हलक्या हातानं फिरवायची, जमिनीवर पडली तर तो तुकडा टाकून द्यायचा, परत गाडीला लावायचा नाही. मग हातानंच वॅक्स मारा, पुढची धूळ लवकर रुतणार नाही. आणि यांना सांगा गाडी भिंतीपासनं चार हात लांब, फाउंड्रीवरनं वारा येणार नाही अशा बाजूला लावा, नाहीतर सहा महिन्यांत परत ठिपके.