तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : आजोबांना गेमच्या म्युझियममधे न्यायचं का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही बर्लिनला असतो. पुढच्या महिन्यात सासू-सासरे पुण्याहून येतायत आणि आमच्या अकरा वर्षांच्या लेकाने आत्तापासूनच धोशा लावलाय की आजोबांना घेऊन कॉम्प्युटर गेमच्या म्युझियमला जायचं. सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक, मोबाईलवर गेम खेळणारं पोर दिसलं की त्यांचं डोकंच फिरतं. न्यावं का, की दोघांचाही हिरमोड होईल? आणि तिथे बघायचं तरी काय, खेळायची मशीन्स तर मॉलमधेही असतात. — एक वाचक, बर्लिन

उत्तर : न्याच हो! आणि सासरे गणिताचे मास्तर असतील तर मी म्हणेन हे म्युझियम नातवाच्या आधी त्यांचं आहे.

कार्ल-मार्क्स-आले या रस्त्यावरचं कॉम्प्युटरश्पीलेमुझेउम तुम्ही म्हणताय ना, यू-५ मेट्रोने वेबरवीझं स्टेशनला उतरलं की लगेच. संस्था १९९७ ची, आत्ताचं कायमचं प्रदर्शन २०११ मधे सुरू झालं. तिथे निमरॉड नावाच्या मशीनची प्रतिकृती आहे, सासऱ्यांना घेऊन सरळ तिच्यासमोर जा. १९५१ मधे फेरांटी या ब्रिटिश कंपनीने हे मशीन बनवलं, खोलीत निम्मी जागा अडवेल एवढं धूड, आणि येत काय होतं तर फक्त निम नावाचा एक खेळ. स्क्रीन नाही, नुसते दिवे लागायचे आणि विझायचे. आधी लंडनमधे ठेवलं आणि मग त्याच वर्षी ऑक्टोबरमधे बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात आणलं, तिथे पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री लुडविग एरहार्ड त्याच्याशी खेळले आणि हरले, हेच एरहार्ड पुढे चॅन्सेलर झाले. कंपनीला करमणुकीचं काही विकायचं नव्हतं, कॉम्प्युटर गणित करतो म्हणजे काय हे लोकांना डोळ्यांनी दिसावं एवढाच हेतू होता. लोकांना मात्र गणितापेक्षा मशीनशी खेळण्यातच जास्त रस!

जायच्या आदल्या रात्री एक करा. टेबलावर शेंगदाण्यांच्या तीन ढिगल्या मांडा, ३, ४ आणि ५ च्या, आणि आजोबा-नातवाला समोरासमोर बसवा. आपली पाळी आली की कुठल्याही एकाच ढिगलीतून हवे तेवढे दाणे उचलायचे, शेवटचा दाणा उचलेल तो जिंकला. हाच तो निम. ज्याची पहिली पाळी त्याने ३ मधले २ उचलले की तो हरूच शकत नाही. आता उरले १, ४, ५. समोरच्याने तो एकटा दाणा उचलला तर आपण ५ मधला १ घ्यायचा, म्हणजे ४-४ झाले, आणि मग तो एका ढिगलीत जे करेल तेच आपण दुसरीत करायचं. बाकीच्या चालींनाही अशीच उत्तरं आहेत, ती सगळी बायनरीतून, म्हणजे ० आणि १ मधे आकडे मांडायच्या पद्धतीतून निघतात आणि सासरे पेन्सिल घेऊन बसले तर जेवायच्या आत काढतील याची मला खात्री आहे. दुसऱ्या दिवशी निमरॉडसमोर उभं राहिल्यावर ते तासभर हलणार नाहीत, आणि नातवाला पहिल्यांदा दिसेल की गेमच्या आत काय असतं ते आपल्या आजोबांना कळतं.

मॉलमधे तुम्ही फक्त खेळता, पण इथे प्रत्येक गेम असाच का झाला हे विचारायला मिळतं, आणि उत्तर बहुतेक वेळा हेच येतं की हाताशी फार थोडं होतं आणि कोणीतरी तेवढ्यातच भागवलं. मला या सगळ्या इतिहासातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. १९७२ च्या पॉंगमधे, म्हणजे स्क्रीनवरच्या टेबल टेनिसमधे, प्रोसेसर नाहीच, सगळा खेळ नुसत्या सर्किटमधे बसवलाय, आणि त्या सर्किटमधल्या एका दोषामुळे बॅट स्क्रीनच्या टोकापर्यंत पोचत नव्हती. तो गेम बनवणाऱ्या ॲलन अल्कॉर्ननी ते दुरुस्त करायच्या ऐवजी तसंच ठेवलं, कारण थोडी जागा उघडी राहिल्यामुळेच खेळ कधीतरी संपायचा. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स, वरून चाल करून येणाऱ्या परग्रहवासीयांना गोळ्या घालायचा गेम, कुठे खेळायला मिळाला तर लेकाला एवढंच सांगा की शत्रू मरत जातात तसे उरलेले जोरात का पळायला लागतात बघ. सुरुवातीला ५५ जण, ते हलवता हलवता बिचाऱ्या चिपची दमछाक व्हायची, मग ओझं कमी झालं की वेग आपोआप वाढायचा. गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी तो वेग तसाच राहू दिला, आणि शेवटी शेवटी छातीत जी धडधड होते ती त्यातूनच येते.

पॉलीप्ले पण चुकवू नका. पूर्व जर्मनीत ऐंशीच्या दशकात कार्ल-मार्क्स-श्टाट, म्हणजे आजचं केमनिट्स, तिथल्या सरकारी कारखान्यात बनलेलं गेमचं मशीन, आता अगदी मोजकीच उरलीत. आतला प्रोसेसर म्हणजे पश्चिमेकडच्या झेड-८० या चिपची त्यांनी घरी केलेली नक्कल. त्यातला 'हाझे उंड वोल्फ' उघड उघड पॅकमॅनवरून घेतलाय, फक्त भुतांच्या जागी रशियन कार्टूनमधला लांडगा आणि आपण ससा. बर्लिनच्या भिंतीपलीकडची मुलं जे खेळतात ते पूर्वेकडच्या मुलांनाही हवं होतं, हे त्या कपाटाएवढ्या डब्यासमोर जितकं कळतं तितकं पुस्तकातून नाही कळत.

पेनस्टेशन नावाचं एक यंत्र तिथे गाजलेलं आहे, पॉंग हरलं की हाताला चटका, करंट नाहीतर फटका बसतो. ते मुलांसाठी नाही, त्यामुळे लेकाला आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथे रडारड नको. सासूबाई कंटाळल्या तर बाहेरचा रस्ताच बघण्यासारखा आहे, १९५० च्या दशकात तो स्टालिनच्या नावाने बांधला आणि जून १९५३ चा कामगारांचा उठाव तिथल्याच बांधकामांवरून पेटला. दोन तास हातात ठेवा आणि वीकेंडची दुपार शक्यतो टाळा, मशीनपुढे रांगा लागतात.

प्रश्न : मी सनीव्हेलला राहतो. जगातला पहिलावहिला गेम इथल्या म्युझियममधे अजून खेळता येतो असं ऑफिसात ऐकलं, खरं आहे का? — एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : 'पहिला' कोणाला म्हणायचं यावर भांडणं आहेत (वरचा निमरॉड बघा), पण तुम्ही ऐकलंय ते बहुतेक स्पेसवॉरबद्दल, एमआयटीतल्या स्टीव्ह रसेल आणि मित्रमंडळींनी १९६२ मधे केलेला. तुमच्या शेजारी माउंटन व्ह्यूला कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममधे स्वयंसेवकांनी खपून खपून एक पीडीपी-१, म्हणजे ज्याच्यावर हा गेम केला तसला जुना कॉम्प्युटर, पुन्हा चालू केलाय आणि ठरलेल्या दिवशी त्याच्यावर स्पेसवॉर दाखवतात, दिवस बघूनच जा. गोल स्क्रीन, दोन यानं, मधे सूर्य आणि त्याचं गुरुत्वाकर्षण. मागे चमकतात ते तारे खऱ्या आकाशातले आहेत, पीटर सॅम्सनना मनाला येतील तसे टाकलेले ठिपके बघवेनात म्हणून त्यांनी ताऱ्यांचा नकाशाच आत घातला. मशीनची मेमरी ४,०९६ शब्दांची (कॉम्प्युटरचा 'शब्द' म्हणजे मेमरीतला एक कप्पा), आणि त्यात हे सगळं!

आणि पॉंगचं मूळ मशीन पण तिथेच आहे. ते १९७२ मधे पहिल्यांदा ठेवलं होतं तुमच्याच गावात, सनीव्हेलच्या एका बारमधे. थोड्याच दिवसात बंद पडलं म्हणून अल्कॉर्न बघायला गेले तर बिघाड कसलाच नव्हता, नाण्यांचा डबा गच्च भरला होता.

प्रश्न : माळा आवरताना नव्वद सालातला टीव्ही गेम सापडला, दोन रिमोट, बंदूक आणि पिशवीभर कॅसेट. भंगारात द्यायचा जीव होत नाही. याला काही किंमत आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : देऊ नका भंगारात! आपल्याकडे त्या काळी घरोघरी जे आलं ते बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या टीव्ही गेमच्या नकला होत्या आणि आपल्या पिढीने मारिओ आणि काँट्रा त्याच्यावरच खेळला. बर्लिनमधे पूर्व जर्मनीच्या नकलेला मानाने जागा मिळते, मग आपल्या नकलांनाही मिळायला हवी, त्याशिवाय आपल्याकडचा हा इतिहास सांगणार कसा? व्हिडिओ गेम पार्लरमधे रुपया टाकून जो गेम सगळे 'मुस्तफा' म्हणून खेळायचे तो कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', हे आजही अर्ध्या लोकांना माहीत नाही.

कॅसेटमधे फुंकर मारू नका, सवय आहे माहितीये पण तोंडातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कान साफ करायची कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे जेमतेम बुडवून पट्ट्यांवरून फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. जुना ॲडाप्टर थेट लावू नका, आधी एखाद्या टीव्ही मेकॅनिककडून तपासून घ्या. बंदूक आताच्या एलसीडी टीव्हीवर चालणार नाही, ती काचेच्या जुन्या टीव्हीचा प्रकाश ओळखते, त्यामुळे 'डक हंट' गेममधली बदकं मारायची असतील तर तसला टीव्ही शोधावा लागेल. खोका, दुकानाचं बिल, कॅसेटवर कोणी पेनाने लिहिलेली नावं असतील तर पुसू नका, अजिबात टाकू नका. आणि सगळं परत पिशवीत भरायच्या आधी घरातल्या पोरांना एकदा खेळायला द्या, शेजारी बसून.