पांढरकवड्याची गाडी रेझ्युमेत का नाही?

त्रिमूर्तीनगर, नागपूर

प्रिय पोरी,

रविवारी तू रेझ्युमे ठेवून गेलीस आणि दारात चप्पल घालता घालता म्हणालीस, "काका, 38 ठिकाणी पाठवला, एकाचाही फोन नाही. मी तं फक्त डिस्पॅच पाहत होती, माझ्याजवळ लिहायला आहेच काय?" मी तेव्हा काही बोललो नाही. त्याआधी तासभर तू नागपूरलगतच्या वाडीतल्या गोदामातल्या, जिथून तू माल रवाना करतेस, तिथल्या गोष्टी सांगत होतीस आणि त्या माझ्या डोक्यात घोळत होत्या. तू गेल्यावर तुझे ते दोन कागद मी दोनदा वाचले. त्या तासाभरातली एकही गोष्ट मला त्यात सापडली नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

तुझ्या तीन वर्षांच्या नोकरीखाली पहिली ओळ आहे: 'रिस्पॉन्सिबल फॉर डिस्पॅच अँड डॉक्युमेंटेशन'. ओळ खोटी नाही. पण ती तुझ्या खुर्चीबद्दल आहे. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं असतं, अगदी रोज दुपारी झोपा काढणारं, तरी हीच ओळ त्यालाही लागू पडली असती. बुटीबोरीच्या कारखान्यात पर्सोनेलमध्ये, म्हणजे नोकरभरतीच्या खात्यात, 19 वर्षं मी असे कागद वाचले. एका जागेसाठी शे-दीडशे अर्ज यायचे आणि त्यातले बहुतेक 'रिस्पॉन्सिबल फॉर'नेच सुरू व्हायचे. वाचणाऱ्याला कळायचं की माणसाला काय नेमून दिलं होतं. त्यानं काय केलं, ते मात्र कळायचं नाही. आणि बोलवायचं कोणाला, हे ठरतं ते त्यानं काय केलं यावरून.

आता तू मला सांगितलेली गाडी आठव. माल घेऊन हैदराबादला निघालेली, पांढरकवड्याजवळ अ‍ॅक्सल तुटून उभी राहिलेली. नागपूर-हैदराबाद साधारण 500 किलोमीटर. ई-वे बिल म्हणजे जीएसटीच्या नियमानं माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद, आणि 200 किलोमीटरला एक दिवस या हिशोबानं त्याची मुदत तीन दिवसांची. त्यातले दोन दिवस दुरुस्तीत गेले आणि मुदत त्या रात्री 12 ला संपत होती. तू घरी जेवायला बसली होतीस. ड्रायव्हरचा फोन आला, तू ताट बाजूला सारलंस, त्याच्याकडून जागेचा पिनकोड घेतलास, उरलेलं अंतर काढलंस, पोर्टल उघडून कारण टाकलंस आणि पावणेअकराला मुदत वाढवून घेतलीस. बिलावर ट्रान्सपोर्टर म्हणून तुला नोकरीवर ठेवणाऱ्या एजन्सीचंच नाव होतं, त्यामुळे हे काम तुमच्याशिवाय कोणी करूही शकत नव्हतं.

पण मला त्या रात्रीपेक्षा दुसऱ्या दिवसाची गोष्ट मोठी वाटली. तू ती जाता जाता सांगितलीस, जशी काही सांगण्यासारखी नाहीच. मुदत संपायच्या आधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास एवढ्याच वेळात ती वाढवता येते. मध्यरात्री संपणारं बिल संध्याकाळी 4 पासून वाढवता येतं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून रोज 4 वाजता तू यादी काढायला लागलीस: आज रात्री कोणकोणती बिलं संपतायत आणि त्या गाड्या आत्ता कुठे आहेत. तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू रजेवर गेलीस तेव्हा ती यादी कशी काढायची हे शेजारच्या टेबलावरच्या मुलाला शिकवून गेलीस, आणि आता ते गोदाम तसंच चालतं.

पोरी, हाच तुझा अनुभव आहे आणि तो रेझ्युमेत नाही!

ती ओळ आपण इथेच करून पाहू. इंग्रजीत नंतर घालशील, आधी मराठीत नीट विचार होऊ दे. पहिला प्रयत्न: 'ई-वे बिलांचं काम पाहिलं.' यात पुन्हा खुर्चीच आली. दुसरा: 'मुदत संपत आलेल्या ई-वे बिलांची रोजची तपासणी सुरू केली.' इथे तू दिसायला लागलीस, पण वाचणारा विचारेल, मग काय झालं? तिसरा: 'मुदत संपत आलेल्या ई-वे बिलांची रोज संध्याकाळची तपासणी स्वतः सुरू केली, त्यानंतरच्या 14 महिन्यांत मुदतीच्या कारणानं एकही गाडी अडली नाही, हीच पद्धत पुढे गोदामात कायम झाली.' ही ओळ तुझी आहे. दुसऱ्या कोणाच्या नावाखाली ती बसणार नाही.

14 महिने मी तुझ्या बोलण्यावरून लिहिले. तू तपासून घे. एक गाडी जरी अडली असेल तर 'एकही नाही' काढून टाक आणि जे खरं असेल ते लिही. आधी वर्षाला चार अडायच्या आणि नंतर एक अडली, हेसुद्धा चांगलंच आहे. आकडा मोठा नसला तरी चालतो, पण तो तुझा असला पाहिजे. मुलाखतीत कोणी विचारलं की हा आकडा कुठून आणला, तर 'गेट रजिस्टर आणि पोर्टलवरच्या नोंदींवरून' असं तुला थेट सांगता आलं पाहिजे. मात्र कंपनीचे कागद, ग्राहकांची नावं, भाड्याचे दर असं काहीही बाहेर आणू नकोस. ते तुझं नाही. मोजून फक्त आपल्या डायरीत आकडा लिही.

यामुळे कंपनीचं किती वाचलं, हा प्रश्न मुलाखतीत येईल. तयारी ठेव. गाडीत 6 लाखांचा माल असेल आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असेल, तर कर होतो 1,08,000 रुपये. रस्त्यात माल अडवून जीएसटी कायद्याचं कलम 129 लावलं आणि मालाचा मालक दंड भरायला पुढे आला, तर दंड कराच्या दुप्पट, म्हणजे 2,16,000. एका गाडीचा! हा हिशोब तोंडी सांग. कागदावर 'इतके लाख वाचवले' असं लिहू नकोस, कारण प्रत्येक गाडीला दंड झालाच असता असं तू छातीठोकपणे म्हणू शकत नाहीस. कागदावर घडलेलंच असू दे.

याच रीतीनं बाकीच्या ओळी कर. दिवसाला किती गाड्या निघायच्या? दिवाळीच्या महिन्यात किती? बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती) आणि इन्व्हॉइसमधल्या चुका तू कशा पकडायचीस? हमालांची पाळी बदलताना लोडिंग थांबायचं, त्यावर तू काय केलंस? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तू मला अर्धवट सांगितलंस, मग चहा आला आणि विषय राहिला. मला ते पूर्ण हवंय.

अजून एक. पुण्यात किंवा गुरुग्राममध्ये बसून तुझा रेझ्युमे वाचणाऱ्याला 'वाडी, नागपूर' म्हणजे काय ते कळत नाही. त्याला वाटतं, कुठलंसं छोटं गोदाम असेल. तुला मात्र ठाऊक आहे की 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर दर राज्यात वेगळं गोदाम ठेवायची कंपन्यांची गरज कमी झाली आणि देशाच्या मधोमध असलेल्या नागपुरात मोठी गोदामं वाढली. दिल्लीकडून दक्षिणेला जाणारा रस्ता आणि पूर्व-पश्चिम रस्ता इथेच एकमेकांना छेदतात. आता 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही मुंबईपर्यंत पूर्ण झाला आहे. हे सगळं रेझ्युमेत लिहायचं नाही. पण नोकरीच्या नावाखाली एक ओळ दे: गोदाम किती चौरस फुटांचं, किती राज्यांत माल जातो, तुझ्या शिफ्टमध्ये किती माणसं. एवढ्यावरून वाचणाऱ्याला कामाचा आवाका कळतो.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर मी हे पत्र लिहायला घेतलं, ती. तू नोकरीच्या जागी त्या मोठ्या कंपनीचं नाव लिहिलंयस. गोदामात माल तिचा, बोर्ड तिचा, तुझ्या टी-शर्टावर चिन्हही तिचं. पण तुझा पगार एजन्सी देते, पीएफ एजन्सी भरते आणि नेमणुकीचं पत्रही एजन्सीचंच आहे. तू फसवायला लिहिलं नाहीस हे मला माहीत आहे. वाडीत, कापशीत, हिंगण्यात अशीच कामं करणारी शेकडो मुलंमुली हेच लिहितात. मीसुद्धा लिहिलं होतं.

1990 च्या दशकात मी एका कारखान्यात स्टोअर्समध्ये ठेकेदाराच्या हजेरीवर होतो. चार वर्षं तिथे घाम गाळला, म्हणून अर्जात कारखान्याचंच नाव टाकलं. नवी नोकरी लागली. पंधरा दिवसांनी त्यांनी कारखान्यात चौकशी केली आणि उत्तर आलं, या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नव्हता. साहेबांनी बोलावलं. मी ठेकेदाराची हजेरीपत्रकं, गेटपास, सगळं दाखवलं. ते म्हणाले, तुमचं काम खरं असेल हो, पण तुमचा कागद खरा नाही. त्याच दिवशी मला घरी पाठवलं. आईला सांगायला मला दोन दिवस लागले. वाईट याचं वाटत होतं की सरळ लिहिलं असतं तरी ती नोकरी मला लागलीच असती. मुलाखतीत सगळं विचारलं गेलं ते स्टोअर्सच्या कामाबद्दल.

आज तर हे तपासणं फार सोपं झालं आहे. तुझ्या 12 आकडी यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरावर, कोणत्या आस्थापनेनं कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला ते सगळं दिसतं, आणि कंपन्या ते बघतात. म्हणून असं लिही: आधी एजन्सीचं नाव आणि तुझं पद, त्याखाली 'कामाचं ठिकाण: अमुक कंपनीचं विभागीय गोदाम, वाडी, नागपूर'. मोठ्या कंपनीचं नाव येतंच आणि खोटंही होत नाही. पदही पत्रात आहे तेच ठेव. पत्रात 'ऑफिस असिस्टंट' आहे तर 'डिस्पॅच मॅनेजर' करू नकोस. खालच्या ओळींमधून तू काय सांभाळत होतीस ते कोणालाही दिसेल. तारखा पीएफच्या पासबुकाशी जुळवून घे. नोकरी सोडल्यावर एजन्सीनं सोडल्याची तारीख टाकली नाही, तर दोन महिन्यांनी ती तुला स्वतः पीएफच्या पोर्टलवर टाकता येते. ते लक्षात ठेव. आणि नोकरी सोडताना रिलीव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

मामाच्या इतवारीतल्या होलसेल दुकानातली दोन वर्षं तू वगळलीस. का? कॉलेज करून तू टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर खरेदी-विक्रीच्या नोंदी करायचीस, उधारीच्या फोनला बसायचीस. ज्याला पुढे ट्रान्सपोर्टर आणि दुकानदारांशी बोलायचंय, त्याच्यासाठी हा अनुभव मोलाचा आहे. 20 पेक्षा कमी माणसांच्या दुकानाला पीएफ सहसा लागू नसतो, त्यामुळे तिथे यूएएनची नोंद मिळणार नाही. मामाकडून दुकानाच्या लेटरहेडवर काम, काळ आणि वेळ लिहून सहीशिक्क्याचं पत्र घे. अर्धवेळ होतं तर अर्धवेळ लिही.

एमपीएससीच्या तयारीत गेलेलं वर्ष लपवायला तू नोकरीच्या तारखा ताणल्यास. तसं करू नकोस. 'स्पर्धा परीक्षेची तयारी' आणि साल, बस. विदर्भात प्रत्येक दुसऱ्या घरात हे वर्ष असतं, त्याची लाज कसली?

कागदाच्या सजावटीवर तू मेहनत घेतलीस, पण तिचा तोटाच होतोय. डावीकडची निळी पट्टी, त्यात फोटो, 'कम्युनिकेशन'पुढे चार तारे. बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकाने असले की डावीकडचा आणि उजवीकडचा मजकूर एकमेकांत मिसळू शकतो, आणि चित्रात लिहिलेलं वाचलंच जात नाही. स्वतः करून पाहा: पीडीएफ उघड, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाक. मी तुझा टाकून पाहिला. तुझा फोन नंबर 'हॉबीज'च्या मध्ये जाऊन बसला होता. एकच रकाना ठेव, साधी अक्षरं, ताजी नोकरी वर, सगळं एका पानात. फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, शेवटचं 'आय हिअरबाय डिक्लेअर', यातलं काहीही नको. आधार नंबर तर चुकूनही नको.

आणि एकच कागद 38 ठिकाणी पाठवू नकोस. नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या एका कंपनीच्या जाहिरातीत त्यांनी 'ट्रान्सपोर्ट कम्प्लायन्स', म्हणजे वाहतुकीचे नियम पाळले जातात का ते पाहणं, असा शब्द वापरलाय. तू नेमकं तेच करतेस, पण तुझ्या कागदावर तो शब्दच नाही. तिथे पाठवताना ई-वे बिलाची ओळ सगळ्यात वर आण आणि त्यांचा शब्द वापर. दुसरीकडे गोदामातली माणसं सांभाळणारं कोणी हवं असेल, तर हमालांच्या पाळीची ओळ वर येईल. खोटं काहीच नाही, फक्त क्रम बदलतो. आठवड्याला चारच अर्ज कर, पण प्रत्येकावर एक संध्याकाळ दे.

येत्या रविवारी सकाळी ये, दुपारी ऊन फार होतं. डायरीत चार आकडे लिहून आण: रोजच्या गाड्या, दिवाळीच्या महिन्यातल्या गाड्या, यादी सुरू केली तो महिना, आणि त्याआधीच्या वर्षात मुदत संपून अडलेल्या गाड्या. एजन्सीच्या पत्राची झेरॉक्सही आण. आणि पाळी बदलताना लोडिंग थांबायचं ते तू कसं सोडवलंस, तिथून सुरू कर. काकू या वेळी चहा आधीच देईल.

तुझा,
काका