'सी' दाबूनही क्रॉप का होत नाही?

कीबोर्डवरून फोटो क्रॉप करताना अडणाऱ्या वाचकांची पत्रे सतत येतात आणि त्यांतील बहुतेकांनी दोष कीबोर्डवर टाकलेला असतो. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहे. सर्व उत्तरे विंडोजवरील फोटोशॉपसंबंधी आहेत; त्यात 'सी' ही इंग्रजी कळ दाबली की क्रॉप टूल, म्हणजे फोटोच्या नको असलेल्या कडा कापण्याचे साधन, निवडले जाते.

लग्नपत्रिकेचे फोटो क्रॉप करताना 'सी' मध्येच चालेनासे होते. दुकानदार नवा कीबोर्ड घ्या म्हणतो. (महाल)

घेऊ नका. आधी नोटपॅड उघडून तीच कळ दाबा. 'म' उमटला, तर कळ शाबूत असून कीबोर्ड इन्स्क्रिप्ट या मराठी टंकनाच्या मांडणीवर गेलेला आहे. मराठी मजकूर आणि फोटो एकाच संगणकावर हाताळणाऱ्यांकडे हे हमखास घडते. कारण मध्यापासून प्रमाणबद्ध क्रॉप करण्यासाठी आपण शिफ्ट आणि ऑल्ट एकत्र धरता आणि डावीकडचा ऑल्ट व शिफ्ट हीच जोडी विंडोजने भाषा बदलण्यासाठीही नेमलेली असते. विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर परत या. कायमचा उपाय म्हणजे प्रगत कीबोर्ड सेटिंगमधील 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' येथे ती जोडी बंद करणे. संगणक इतरही वापरत असतील, तर त्यांना विचारूनच हा बदल करा. नोटपॅडमध्ये काहीच उमटले नाही, तरच तंत्रज्ञाकडे जा. ही तपासणी न करता कीबोर्ड विकणाऱ्याला ग्राहकाच्या अडचणीशी काही देणेघेणे नाही.

'सी' दाबले की क्रॉपऐवजी सुरीचे चिन्ह येते. (कामठी)

ते स्लाइस टूल आहे; क्रॉप टूल येईपर्यंत शिफ्ट धरून 'सी' दाबत राहा.

ग्राहकाच्या आजोबांचा जुना फोटो स्कॅन करून क्रॉप केला, एंटर दाबून त्याच फाइलवर सेव्ह केला. आता त्यांना शेजारी उभी असलेली आजीही हवी आहे. फाइल पुन्हा उघडल्यावर कंट्रोल-झेड चालत नाही. कापलेला भाग परत आणणारे सॉफ्टवेअर विकत मिळते म्हणतात. (इतवारी)

फाइल बंद केल्यावर कंट्रोल-झेडला मागे जाण्यासारखे काही उरत नाही. क्रॉप टूलच्या वरच्या पट्टीतील 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स' (कापलेला भाग पुसा) या पर्यायावर खूण असताना क्रॉप करून सेव्ह केलेल्या फाइलमध्ये आजी नाहीतच, मग त्या कोणते सॉफ्टवेअर शोधून काढणार? अशा सॉफ्टवेअरसाठी एक रुपयाही देऊ नका. फार तर ते आजींसारखे दिसणारे कोणीतरी रंगवून देईल आणि कुटुंबाच्या एकुलत्या एका फोटोबाबत तसे करणे मला मान्य नाही. ही खूण काढून क्रॉप करण्याची सोय २०१२ सालच्या सीएस ६ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. खूण काढली की कापलेला भाग केवळ झाकला जातो आणि 'इमेज' मेनूतील 'रिव्हील ऑल'ने परत दिसतो; मात्र फाइल पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या प्रकारात, जपावी लागते, कारण जेपेग करताच झाकलेला भाग जातो. तरीही या खुणेवर विसंबू नका. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि क्रॉप नेहमी प्रतीवरच करा. जुना फोटो परत दिलेला असेल, तर आजच ग्राहकाला फोन करून तो पुन्हा मागवा. आधीच पिवळ्या पडलेल्या कागदाला उशीर सोसत नाही.

आडवी क्रॉप चौकट उभी कशी करावी? (हिंगणा)

'एक्स' दाबा.

फ्लेक्ससाठी क्रॉप केलेला फोटो एंटर दाबताच फुटतो. (नंदनवन)

वरच्या पट्टीत आधीच्या कामाची मापे राहून गेली आहेत का, ते पाहा. पासपोर्ट फोटोचे ३५ बाय ४५ मिलिमीटर आणि ३०० रिझोल्यूशन (दर इंचाला पिक्सेल) तसेच असेल, तर मोठा फोटोही सुमारे ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होऊन बसतो. 'क्लिअर' दाबून मापे पुसा आणि मूळ फाइलवरून पुन्हा क्रॉप करा. फ्लेक्सला किती रिझोल्यूशन हवे, हे छापणाऱ्यालाच विचारा. ते फ्लेक्सच्या आकारावर आणि तो किती अंतरावरून पाहिला जाणार यावर ठरते.

क्रॉपची कोणतीही तक्रार असो, कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट धरून फोटोशॉप सुरू करावे, असे एका व्हिडिओत सांगितले आहे. करू का? (सदर)

पहिला उपाय म्हणून मुळीच नाही. त्याने फोटोशॉपची सेटिंगे पुसली जातात, विंडोजची भाषा मात्र होती तशीच राहते, म्हणजे वरच्या पहिल्या तक्रारीवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. वरील सर्व तपासूनही अडचण उरली, तर तयार केलेल्या अ‍ॅक्शन्स (एका क्लिकवर पुन्हा चालणाऱ्या, नोंदवून ठेवलेल्या कृती) वेगळ्या सेव्ह करा आणि आपल्या संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्या जाणकाराला समोर बसवूनच ते करा.